मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली? मग पाळीबद्दल बोलायला आत्ताच लागा

पाळी कशी येते, पॅड कसं लावायचं ही माहिती मुलींसाठी भरपूर आहे, पण घरातल्या मोठ्यांनी काय करायचं हे फारसं कोणी सांगत नाही. बहुतेक घरांत होतं असं की मुलीला पहिल्यांदा डाग दिसतो, ती घाबरते, मग आई घाईघाईत कपाटाच्या तळातून पॅड काढून देते आणि हळू आवाजात दोन-चार सूचना देते, बाबा तेवढ्यात काहीतरी काम काढून बाहेर जातात. माहिती तिला मिळते, नाही असं नाही, पण त्याच्या आधी तिला कळतं ते हे की ही कुजबुजायची गोष्ट आहे. तर हा लेख आई, बाबा, आजी, मावशी, काका, एकट्याने मुलगी वाढवणारे, हॉस्टेल सांभाळणारे अशा सगळ्यांसाठी, ज्यांना हे पहिल्यांदाच करायचंय. माझं मत सुरुवातीलाच सांगते, लाज नुसती माहिती देऊन जात नाही, घरात पाळीची साधी रोजची व्यवस्था लागली की ती आपोआप कमी होते, म्हणून खाली व्यवस्थेबद्दल जास्त लिहिलंय.

पहिली पायरी: आधी स्वतःची परीक्षा घ्या

मुलीला सांगायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पाळीचे दिवस कुठून मोजतात? एका पाळीत साधारण किती रक्त जातं? आणि लघवीची जागा आणि पाळीचं रक्त येण्याची जागा एकच असते का? तिसऱ्या प्रश्नाला चांगले शिकलेले लोकही अडखळतात, बायकासुद्धा, त्यामुळे नाही आलं तरी लाजू नका.

उत्तरं घ्या. दिवस मोजायचे ते रक्त यायला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत, पाळी संपली त्या दिवसापासून नाही. रक्त साधारण ३० ते ४० मिली जातं, दिसायला खूप वाटतं कारण ते कापडावर पसरतं आणि त्यात रक्ताशिवाय गर्भाशयाचं अस्तर आणि इतर स्रावही असतात. ८० मिलीच्या वर म्हणजे जास्त. आणि जागा वेगवेगळ्या: पुढे लघवीची, मधे योनीमार्ग, मागे शौचाची. हे तिला चित्र काढून दाखवा, कारण पॅड लावून लघवी करता येते का हा प्रश्न लहान मुलींच्या डोक्यात खरोखर असतो.

आतलं काम थोडक्यात असं. मेंदूतून सूचना येतात, अंडाशयातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स तयार होतात, त्यामुळे गर्भाशयाच्या आत अस्तर जाड होतं, गर्भ राहिला नाही की हार्मोन्स खाली येतात आणि ते अस्तर सुटून बाहेर पडतं. बस. यात अशुद्ध काही नाही, शरीरातली घाण बाहेर पडते वगैरे तर अजिबात नाही, आणि एखाद्या महिन्यात पाळी चुकली तर आत काहीतरी साठून राहिलं असंही नाही.

बरं, अशा समजुती फक्त अडाणीपणातून येतात असं मानायचंही कारण नाही. बेला शिक नावाचे नामवंत बालरोगतज्ज्ञ होते, घटसर्पाची चाचणी त्यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांनी १९२० साली असा दावा केला होता की पाळीतल्या बाईच्या अंगातून एक विष बाहेर पडतं आणि तिने हात लावलेली फुलं कोमेजतात. पुढे ते विष काही टिकलं नाही, पण त्याच्यावर चर्चा बरीच वर्षं चालू राहिली. आणि १९८३ मध्ये सॅली राइड, अंतराळात जाणाऱ्या पहिल्या अमेरिकन महिला, निघाल्या तेव्हा नासाच्या इंजिनियर लोकांनी त्यांना विचारलं होतं की साधारण आठवड्याच्या प्रवासाला १०० टॅम्पॉन (रक्त शोषायला योनीमार्गात घालायची कापसाची गुंडाळी) पुरतील ना? चंद्रावर माणूस पाठवलेली संस्था ही! त्यामुळे बाबा लोकांनो, तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही एकटे नाही, पण आता माहीत करून घ्या.

दुसरी पायरी: वेळ ओळखा

पहिली पाळी बहुतेक मुलींना १० ते १५ या वयात येते, सरासरी बारा-तेराच्या आसपास. पण वयापेक्षा शरीर जास्त नीट सांगतं. छातीला गाठीसारखा उंचवटा यायला लागला की साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, आणि पाळीच्या आधी सहा महिने ते वर्षभर चड्डीवर पांढरट किंवा फिकट पिवळसर डाग दिसायला लागतात. हे डाग दिसले की मुलगी घाबरते किंवा चड्डी लपवून ठेवते, त्यामुळे पाळीच्या आधी या पांढऱ्या स्रावाबद्दल सांगा, तो नॉर्मल आहे, खाज किंवा घाण वास असेल तरच दाखवायचं.

म्हणून बोलायला सुरुवात नऊच्या आसपास. "अजून लहान आहे, कशाला डोक्यात घालायचं" हे मला पटत नाही, कारण उशीर झाला की वर्गातली मैत्रीण सांगते आणि ती तिच्या पद्धतीने सांगते. आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आतच छाती वाढायला लागली, किंवा तेरापर्यंत काहीच बदल नाही, किंवा पंधरा झाली तरी पाळी नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं.

तिसरी पायरी: बोलायचं, पण भाषण नाही द्यायचं

"बस इथे, तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय" असं म्हटलं की मुलं कान बंद करतात. त्यापेक्षा कपड्यांच्या घड्या घालताना, कुठे चालत जाताना, गाडीत शेजारी बसलेलं असताना बोला, डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत त्यामुळे दोघांनाही सोपं जातं. पाच मिनिटं बोला आणि सोडून द्या, पुढच्या आठवड्यात परत थोडं.

सुरुवात कशी करायची याचा एक नमुना, आईसाठी: "अगं, हे पॅड आहे. मला दर महिन्याला पाळी येते तेव्हा मी वापरते. तुलाही दोन-तीन वर्षांत येईल, तोपर्यंत काय विचारायचं ते विचार." बाबांसाठी तर अजून साधं: "तुझ्या वयाच्या मुलींना पुढे पाळी येते, तुला माहितीये ना? मी घरी असताना आली तर मला सांग, पॅड कुठे ठेवलेत मला माहितीये." एवढं एक वाक्य बाबांनी नीट आवाजात बोललं तर मुलीला जे कळतं ते आईच्या दहा वाक्यांतून कळत नाही, असं मला ठाम वाटतं, कारण लपवायचं असतं ते मुख्यतः पुरुषांपासून असा समज असतो आणि तो इथेच तुटतो.

काय बोलू नका: "आता तू मोठी झालीस, आता जपून राहायचं, मुलांबरोबर खेळणं बंद." अकरा वर्षांच्या पोरीला यातून फक्त शिक्षा झाल्यासारखं वाटतं. गर्भधारणेबद्दल सांगायचं असेल तर सरळ सांगा, की शरीर आता हळूहळू त्या तयारीला लागतं, आणि हो, अंडं पाळीच्या आधी सुटतं म्हणून पहिल्या पाळीच्या आधीही गर्भ राहणं शक्य असतं. धमकीच्या सुरात नाही, माहिती म्हणून.

घरात मुलगा असेल तर त्याला बाहेर काढू नका. त्यालाही तेच सांगा, त्याच शब्दांत, आणि एक नियम ठळकपणे घाला, की वर्गात कुणाच्या कपड्यांना डाग दिसला तर हसायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, आपला स्वेटर किंवा जॅकेट कमरेला बांधायला द्यायचं आणि गप्प बसायचं. मुलींची जी भीती असते ना, ती रक्ताची कमी आणि वर्गातल्या हसण्याची जास्त असते.

चौथी पायरी: सामान आणि त्याची जागा

ही पायरी लोक घाईत उरकतात आणि माझ्या मते इथेच सगळं ठरतं.

आधी पॅड हातात देऊन दाखवा. एक पॅड फोडा, मागचा कागद काढा, जुन्या चड्डीवर चिकटवा, दोन्ही बाजूचे पंख खाली दुमडून चड्डीच्या खालून चिकटवा. पंख अंगाच्या बाजूला चिकटवणाऱ्या मुली असतात, कारण कोणी दाखवलेलंच नसतं. मग खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते मापाचं झाकण घ्या, त्यात साधारण १० मिली मावतं, रंगीत पाणी भरून पॅडवर ओता, सावकाश. असं तीन-चार झाकणं म्हणजे साधारण अख्ख्या पाळीचं रक्त, चार-पाच दिवसांत विभागलेलं. हे डोळ्यांनी बघितलं की "सगळं रक्त निघून जाईल" ही भीती जाते आणि पॅड किती शोषतं हेही कळतं. पोरं याला मजेत घेतात, घेऊ द्या.

पॅड दर चार ते सहा तासांनी बदलायचं, भरलं नसेल तरी, कारण ओलसर राहिल्याने कातडी सोलवटते आणि वास येतो. बदललेलं पॅड गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं, फ्लश करायचं नाही. पाच दिवसांना वीस-पंचवीस पॅड धरा, सुरुवातीला कमीच लागतात.

कापडी पॅड किंवा घडी वापरत असाल तरी काही वाईट नाही, फक्त धुण्या-वाळवण्यात चूक नको. आधी थंड पाण्यात, कारण गरम पाण्याने रक्तातलं प्रोटीन धाग्यात पक्कं बसतं आणि डाग जात नाही, मग साबण, मग कडक उन्हात. आता इथे लाज थेट आरोग्यात घुसते बघा: कोणाला दिसू नये म्हणून ती कापडं दुसऱ्या कपड्यांच्या खाली, बाथरूमच्या कोपऱ्यात वाळत घालतात, ती नीट वाळत नाहीत, तीच परत वापरली जातात आणि मग खाज, पुरळ, इन्फेक्शन. दोरीवर रुमाल टॉवेल वाळतात तिथेच ती वाळू द्या. पाहुणे आले तर? बघतील.

कप (रक्त गोळा करणारी छोटी लवचिक वाटी) आणि टॅम्पॉनबद्दल थोडंच सांगते. दोन्ही आत घालायचे असतात, कुठल्याही वयात चालतात, पण पहिल्या काही महिन्यांत शरीर समजून घेईपर्यंत घाई नको, आणि तिला नको असेल तर आग्रह अजिबात नको. टॅम्पॉन आठ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, कारण क्वचित पण गंभीर असा टॉक्सिक शॉक सिंड्रोम, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणारा आजार, होऊ शकतो, एकदम ताप, उलट्या, चक्कर, अंगावर पुरळ आलं तर आधी तो काढायचा आणि लगेच हॉस्पिटल. कप बारा तासांपर्यंत चालतो, दोन पाळ्यांच्या मधे उकळून ठेवायचा, आणि मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा चांगला कप बरीच वर्षं टिकतो. यामुळे कौमार्य जातं वगैरे चर्चा ऐकायला येतील, योनीमार्गाच्या तोंडाशी असलेला पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो आणि तो कशाचाच पुरावा नसतो.

आता जागा. पॅडचं पाकीट बाथरूममधे उघड्या फळीवर ठेवा, साबण आणि टूथपेस्ट असते तिथे. कपाटाच्या तळाला नाही, काळ्या पिशवीत नाही. घरातल्या सामानाच्या यादीत तेही लिहा, आणि यादी घेऊन जो कोणी जातो तो ते आणेल, बाबा किंवा भाऊसुद्धा. मी वर म्हटलं ती व्यवस्था म्हणजे हीच, यात कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय दप्तरात एक छोटी पाउच: दोन पॅड, एक चड्डी, एक रिकामी पिशवी, थोडे टिश्यू. पाळी येण्याच्या आधीपासून ठेवायची. शाळेत कोणाकडे जायचं हेही ठरवून ठेवा, एका बाईंचं नाव तिला माहीत असू द्या.

पाचवी पायरी: तो दिवस

पहिली पाळी बऱ्याचदा लाल नसतेच, चॉकलेटी डाग असतो, त्यामुळे मुलीला वाटतं शी लागली असेल. हे आधी सांगून ठेवलं असेल तर ती सरळ येऊन म्हणेल, आई आली वाटतं. तेव्हा तुमचा चेहरा सगळ्यात महत्त्वाचा. "अरे वा, आली का, पोटात दुखतंय का?" एवढं पुरे. रडली तर रडू द्या.

आणि लगेच सगळ्या नातेवाइकांना फोन करू नका! तिला विचारा कोणाला सांगायचं. इथे लोकांचा गोंधळ होतो, लाज घालवायची म्हणजे जाहीर करायचं असं त्यांना वाटतं. तसं नाही. तिला खाजगी ठेवायचं असेल तर तो तिचा हक्क, फक्त ते तिच्या मर्जीने असावं, भीतीने नको.

अंघोळ, केस धुणं, पळणं, खेळणं, सायकल सगळं चालतं, टॅम्पॉन किंवा कप असेल तर पोहणंही. खाली साध्या पाण्याने बाहेरून धुवायचं, सुगंधी वॉश, स्प्रे नको, योनीमार्ग आतून स्वतःला स्वच्छ ठेवतो.

सहावी पायरी: डायरी

पहिली दोन-तीन वर्षं पाळी अनियमित असते, कारण सुरुवातीला दर महिन्याला अंडं सुटतंच असं नाही. मुलींमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर नॉर्मल धरतात, मोठेपणी साधारण २१ ते ३५. रक्तस्राव दोन ते सात दिवस. तिला कॅलेंडर किंवा वही द्या आणि फक्त चार गोष्टी लिहायला सांगा: कधी सुरू, कधी संपली, दिवसाला किती पॅड, दुखणं दहापैकी किती. मोबाइल ॲपही चालेल, पण ते तिची माहिती कुठे पाठवतं ते बघून घ्या, वही बरी असं माझं म्हणणं.

सातवी पायरी: दुखणं

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांच्यामुळे गर्भाशय आकुंचन पावतं, ती जास्त झाली की कळा, कंबरदुखी, कधी जुलाब आणि मळमळही. त्यामुळे "दुखतंय" म्हणजे नाटक नाही. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर, हलका व्यायाम, आणि गरज पडली तर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड, ही औषधं ती रसायनंच कमी करतात म्हणून कळा असह्य व्हायची वाट न बघता सुरुवातीलाच घेतली तर जास्त उपयोग होतो. रिकाम्या पोटी नाही, डोस वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून, आणि दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाहीच. ॲस्पिरिन लहान वयात देऊ नका.

"बाईच्या जातीला सोसावंच लागतं" हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. औषध घेऊनही शाळा बुडत असेल, ती अंथरुणावरून उठू शकत नसेल, तर ते नॉर्मल नाही. एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार, ज्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना असतो आणि तो सापडायला कित्येक वर्षं जातात, त्याचं एक कारण हेच, की दुखतं असं सांगितल्यावर सगळेच म्हणतात, दुखतंच.

घरातली मोठी माणसं ऐकत नसतील तर

इथे शिवू नको, तिथे बसू नको असे नियम वेगवेगळ्या रूपात जगभर आहेत आणि ते पाळणारी माणसं बहुतेक वेळा दुष्ट नसतात, त्यांनाही लहानपणी असंच सांगितलेलं असतं. त्यांच्याशी वाद घालून जिंकायला जाऊ नका, त्यात मुलगी मधे सापडते. एकेक गोष्ट घ्या. "आजी, तुमच्या वेळी तुम्ही कसं सांभाळलंत?" असं विचारून बघा, बऱ्याच जणींना आयुष्यात हे कोणी विचारलेलंच नसतं आणि त्या जे सांगतात ते ऐकून नातही गप्प होते. पण झोप, जेवण, अंघोळ, शाळा आणि औषध या पाच बाबतीत तडजोड नाही, तिथे आईबाबांनी मिळून ठाम उभं राहायचं, आणि ते मुलीच्या समोर बोलायचं, म्हणजे तिला कळेल आपल्या बाजूला कोण आहे.

शेवटची पायरी: डॉक्टरकडे कधी आणि कसं

कधी ते आधी. दर तास-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजतंय, मोठ्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी जातायत, सात दिवसांच्या वर रक्त चालू आहे, सुरू झालेली पाळी तीन महिने आलीच नाही, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातंय, किंवा ती सारखी दमलेली, फिकट दिसते, धाप लागते. शेवटच्या बाबतीत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, दोन्ही तपासायला सांगा, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा संपत आलेला असू शकतो. पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जात असेल आणि नाकातून, हिरड्यांतूनही येत असेल तर रक्त गोठण्याच्या त्रासाबद्दल मुद्दाम विचारा, काही मुलींमध्ये तो पाळीमुळेच पहिल्यांदा कळतो.

जाताना डायरी घेऊन जा. प्रश्न तिला स्वतःला विचारू द्या, तुम्ही मधे उत्तरं देऊ नका, आणि थोडा वेळ डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय का हे तिला आधीच विचारून ठेवा. तपासणीची भीती वाटत असेल तर सांगा, की या वयात बहुतेक वेळा प्रश्न विचारून, पोटावरून तपासून आणि लागलीच तर पोटावरून सोनोग्राफी करून भागतं. आणि डायरी न उघडताच कोणी "लग्न झालं की होईल सगळं ठीक" म्हणून परत पाठवलं, तर फी द्या, उठा आणि दुसऱ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या.